रेडिएशन संपून पाच आठवडे झाले, पेट स्कॅनमध्ये ‘चमक’ दिसते : कॅन्सर उरला असं समजायचं का?

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडते. काही चुकीचं समजले असेन तर लगेच सांगा.

तुम्ही निपाणीजवळच्या गावचे. वडील ५८ वर्षांचे, उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला आणि मानेत डाव्या बाजूला दोन गाठी होत्या. बेळगावात ३५ रेडिएशन झाली, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. शेवटचं रेडिएशन १४ मार्चला. पुण्याच्या नातेवाइकांनी ‘सगळं गेलं का ते एकदा बघून घ्या’ म्हटलं, म्हणून २० एप्रिलला तुम्ही स्वतःच्या खर्चानं पेट-सीटी करून घेतलं. रिपोर्टमध्ये आलं की जिभेच्या मुळाशी पसरट चमक आहे, मानेतली एक गाठ अजून १.४ सेंटीमीटरची आहे, तिचा एसयूव्ही, म्हणजे चमकेचा आकडा, ४.६ आहे, आणि शेवटी ‘रेसिड्युअल डिसीज कॅनॉट बी रूल्ड आउट’, म्हणजे आजार उरल्याची शक्यता नाकारता येत नाही. रेडिएशनच्या डॉक्टरांनी मान चाचपली, दुर्बिणीनं घसा पाहिला आणि सांगितलं, ‘आत्ता काही करायचं नाही, जूनमध्ये परत काढू.’ डॉक्टर वेळ घालवतायत का, आत्ताच ऑपरेशन करून टाकावं का, एमआरआय केला तर नक्की कळेल का, आणि पुढं दर किती महिन्यांनी स्कॅन करायचे, असं तुम्ही विचारलंय.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. गेली २२ वर्षं बेळगाव भागात काम करते, आणि त्यातला मोठा वाटा तोंड-घशाच्या कॅन्सरचे स्कॅन वाचण्याचा. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, बायकांची मिश्री हे सगळं आपल्याकडं घरोघरी आहे, त्यामुळं हे रुग्ण आमच्याकडं रोज असतात. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही आणि त्यांचे स्कॅनही पाहिलेले नाहीत. म्हणून ‘कॅन्सर आहे’ किंवा ‘नाही’ हे मी सांगू शकत नाही. पण डॉक्टरांनी थांबायला का सांगितलं, ते नीट सांगू शकते.

तुम्ही विचारताय ‘कॅन्सर उरलाय का’. २० एप्रिलच्या स्कॅनला हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण त्या तारखेला कोणत्याही मशीनला त्याचं उत्तर देता येत नाही. खरी अडचण तारखेची आहे. १४ मार्च ते २० एप्रिल म्हणजे ३७ दिवस, सव्वापाच आठवडे. इतक्या लवकर काढलेल्या पेट स्कॅनमध्ये उरलेला कॅन्सर आणि भरून येणारी जखम सारखीच दिसू शकते.

असं का होतं? पेट स्कॅनच्या आधी हातातून जे इंजेक्शन देतात, ती साखरेसारखी वस्तू असते, तिला एफडीजी म्हणतात. तिला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. ज्या पेशी साखर जास्त खातात तिथं ती साठते आणि चित्रात तो भाग चमकतो. कॅन्सरच्या पेशी साखर खूप खातात हे खरंच. पण सूज आलेल्या जागी धावून जाणाऱ्या आपल्याच पेशीही खातात. शिवाय रेडिएशननं कॅन्सरची पेशी त्याच दिवशी मरते असं नाही. किरणांनी तिच्या डीएनएला इजा होते, आणि बहुतेक वेळा ती पुढं विभागायला जाते तेव्हा मरते. म्हणून शेवटचं रेडिएशन झाल्यावरही कितीतरी आठवडे आत मरण्याचं आणि साफसफाईचं काम चालू असतं. मेलेल्या पेशी उचलायला शरीर सफाईच्या पेशी पाठवतं, आणि त्यांनाही साखर लागते. ऊस गेल्यावर शेतात पाचट पेटवतात ना, संध्याकाळी तिथं हात लावला तर राख गरमच लागते. त्यावरून आग विझली की आतून धुमसतेय ते सांगता येत नाही.

म्हणून डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन संपल्यावर पेट-सीटी साधारण १२ आठवड्यांनी करतात. त्या सुमाराला सूज बरीचशी ओसरलेली असते, आणि खरंच कॅन्सर उरला असेल तर तो तिच्यातून वेगळा काढता येतो. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला जून म्हणजे नेमका हाच हिशेब आहे. १४ मार्चपासून ८४ दिवस मोजले की ६ जून येतो. हे टाळणं नव्हे.

आता तुमच्या भीतीचं. थांबलो आणि तेवढ्यात आजार हाताबाहेर गेला तर? ही शंका डॉक्टरांनाही होती. पूर्वी मानेत मोठ्या गाठी असल्या की रेडिएशननंतर काही दिसो न दिसो, मानेचं ऑपरेशन करूनच टाकायची पद्धत होती. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर याचा अभ्यास झाला, पेट-नेक नावाचा, आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांचं ठरल्याप्रमाणे मानेचं ऑपरेशन केलं. उरलेल्यांचं १२ आठवड्यांनी पेट-सीटी काढलं आणि गाठ पूर्ण विझलेली नसेल किंवा शंका असेल तरच ऑपरेशन केलं. दोन वर्षांनी थांबलेल्या गटात ८४.९ टक्के रुग्ण जिवंत होते, आधीच ऑपरेशन केलेल्या गटात ८१.५ टक्के. म्हणजे थांबण्यानं नुकसान झालं नाही. आणि मानेची ऑपरेशनं एका गटात २२१ झाली, दुसऱ्यात फक्त ५४. रेडिएशन झालेल्या मानेवरचं ऑपरेशन सोपं नसतं. जखम उशिरा भरते, खांदा उचलायला त्रास होतो, मान आखडते. ज्यांना त्याची गरजच नाही त्यांना यातून वाचवणं हा मोठा फायदा आहे.

इथं एक गोष्ट मला सांगायलाच हवी. त्या अभ्यासातले बहुतेक रुग्ण घशाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरचे होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळं झालेला होता. असा कॅन्सर रेडिएशनला चांगला दाद देतो. आपल्याकडचा बहुतेक तंबाखूचा असतो आणि तो जास्त चिवट असतो. जागा तीच असल्यामुळं तुमच्या वडिलांना तो निष्कर्ष लागू पडतो, पण १२ आठवड्यांच्या स्कॅनमध्ये शंका राहिली तर तंबाखूच्या रुग्णात मी ‘अजून थांबू’ सहज म्हणत नाही. बायोप्सीचा सल्ला जरा लवकर देते. कॅन्सर एचपीव्हीचा आहे का याचा अंदाज पी-१६ तपासावरून येतो. वडिलांचा तो झाला आहे का ते बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये बघा.

आणि सगळ्यांनी सगळ्या वेळी थांबायचं असंही नाही. मानेतली गाठ बोटांना आठवड्या-आठवड्याला मोठी लागतेय, तोंडात किंवा घशात नवी जखम दिसतेय, रक्त येतंय, कमी झालेली कानातली कळ परत वाढतेय, श्वास घेताना आवाज होतोय, यांतलं काहीही असेल तर ६ जूनची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं जा. तुमच्या डॉक्टरांनी मान चाचपली आणि दुर्बीण घातली, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय. माझ्या मते आत्ताच्या घडीला तुमच्या हातातला सगळ्यात भरवशाचा तपास तोच आहे. जिभेच्या मुळाची वरची त्वचा दुर्बिणीतून डोळ्यांना दिसते. तिथं जखम नाही, गाठ कडक लागत नाही असं त्यांना वाटलं असेल, तर ते मत रिपोर्टमधल्या ४.६ पेक्षा मी वरचं धरीन.

त्या ४.६ बद्दल. लोक हा आकडा साखरेच्या किंवा क्रिएटिनिनच्या आकड्यासारखा वाचतात. अडीचच्या वर म्हणजे कॅन्सर, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. एसयूव्ही म्हणजे शरीराच्या वजनाच्या आणि दिलेल्या औषधाच्या मानानं त्या जागी किती औषध साठलं त्याचं प्रमाण. त्या दिवशी रक्तात साखर किती होती, इंजेक्शननंतर किती मिनिटांनी स्कॅन झाला, मशीन कोणतं, रुग्णाचं वजन किती, यावर तो हलतो. तोंड-घशाच्या रेडिएशनमध्ये माणसाचं दहा-बारा किलो वजन सहज उतरतं, तेव्हा आधीचा आकडा आणि आताचा आकडा शेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ नाही. आम्ही आकड्यापेक्षा तुलना बघतो. ती जागा मानेतल्या मोठ्या नीलेतल्या रक्तापेक्षा जास्त चमकते का, यकृतापेक्षा जास्त चमकते का, आणि चमक एका ठिपक्यासारखी आहे की पसरट. यकृतापेक्षा ठळक, एकाच जागी गोळा झालेली चमक मला खटकते. पसरट, दोन्ही बाजूंना सारखी चमक बहुधा सुजेची असते. तुमच्या रिपोर्टमध्ये जिभेच्या मुळाशी ‘पसरट’ असा शब्द आहे, तो नीट वाचा.

आणि १.४ सेंटीमीटरची गाठ ‘अजून आहे’ म्हणून घाबरू नका. रेडिएशननंतर मानेतल्या गाठी लगेच नाहीशा होत नाहीत. आतलं सगळं मेलं तरी वरचं टरफल कितीतरी महिने राहतं. सुरुवातीला ती किती होती हे तुम्ही लिहिलेलं नाही. तीन सेंटीमीटरची १.४ झाली असेल तर ती उतरतेय. १.२ ची १.४ झाली असेल तर गोष्ट वेगळी. हे मला जुनं चित्र पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि ज्यांनी तुमचा रिपोर्ट लिहिला त्यांनाही कळलं नसेल, कारण जुनी सीडी त्यांच्याकडं नव्हती असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हेच. उपचारानंतरचा स्कॅन कधीच एकटा वाचायचा नसतो. मी हे चुकून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत खानापूरकडच्या एका बाईंचा सीटी माझ्यापुढं आला. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालेलं. सोबत ऑपरेशनचा कागद नाही, जुनी फिल्म नाही, मुलगा म्हणाला ‘सगळं गावाकडं राहिलं’. गालात एक मांसल भाग दिसत होता, कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध) घेणारा. कॅन्सर परत आल्याची शक्यता आहे, असं मी लिहून दिलं. बायोप्सीत निघाला स्नायू. गाल कापल्यावर छातीचा स्नायू वर वळवून तिथं बसवलेला होता. अशा वळवलेल्या स्नायूची नस तुटलेली असते, त्यामुळं पहिले काही महिने तो कॉन्ट्रास्ट घेतो, सुजल्यासारखा दिसतो, आणि मग हळूहळू सुकून त्याची चरबी होते. तो तिथं आहे हे माहीत असतं तर मी तसं लिहिलंच नसतं. माझा रिपोर्ट आणि बायोप्सी यांमध्ये नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत आईनं जेवण सोडलं होतं, हे मला नंतर त्यांच्या मुलीनं सांगितलं. तेव्हापासून कागद आल्याशिवाय उपचारानंतरच्या मानेवर मी शेवटचं वाक्य लिहीत नाही. फोन करते, सीडी मागवते, एक दिवस थांबायला सांगते.

आपल्या भागात हा घोळ जास्त होतो, कारण आपला रुग्ण एका जागी उपचार घेत नाही. बायोप्सी चिकोडीत, ऑपरेशन कोल्हापूरला किंवा मिरजेला, रेडिएशन बेळगावात, पेट हुबळीला किंवा पुण्याला. सरकारी योजनेचं कार्ड कुठलं चालतं त्यावर माणूस सीमेच्या अलीकडं-पलीकडं जातो. त्यात कुणाचा दोष नाही, पण दर ठिकाणी एक पिशवी मागं राहते. म्हणून एकच फाइल करा. त्यात पहिल्या बायोप्सीचा रिपोर्ट, उपचाराआधीच्या स्कॅनची सीडी, रेडिएशन संपल्यावर मिळणारा डोस आणि तारखांचा कागद, आणि ऑपरेशन झालं असेल तर त्याची टिपणी. फिल्म नव्हे, सीडी किंवा पेन ड्राइव्ह. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी असतात. आणि ती गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, बिघडलेल्या सीडी मी खूप पाहिल्या आहेत.

एमआरआयबद्दल विचारलंय. आत्ता केलात तर त्यातही सूजच दिसेल, आणि शंकेचं अजून एक वाक्य तुमच्या हातात पडेल. एमआरआयची जागा वेगळी आहे. मऊ भागांतला फरक तो सीटीपेक्षा चांगला दाखवतो. जुना, पक्का झालेला वण एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात काळा दिसतो, कॅन्सर मधल्या राखाडी छटेत. डिफ्यूजन नावाचं चित्र असतं, त्यात पेशी दाटीवाटीनं असलेल्या जागी पाण्याची हालचाल अडते, आणि तो भाग उठून दिसतो. कॅन्सर नसेच्या बाजूनं कवटीच्या तळाकडं सरकतो का, हाडाच्या मगजात शिरला का, हे बघायला एमआरआयसारखं दुसरं काही नाही. एखाद्या रुग्णाच्या ओठाला किंवा हनुवटीला बधिरपणा येऊ लागला की मी पेटच्या आधी एमआरआय सुचवते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत १२ आठवड्यांच्या पेटमध्ये जिभेच्या मुळाशी शंका राहिली, तर तेव्हा एमआरआयचा उपयोग होईल, बायोप्सी नेमकी कुठून घ्यायची ते ठरवायलाही.

मानेतल्या गाठीसाठी साधी सोनोग्राफी विसरू नका. स्वस्त आहे, जवळच्या गावात होते, आणि तिच्या मदतीनं सुई घालून पेशी काढता येतात. फक्त रेडिएशननंतरच्या सुईच्या तपासात ‘कॅन्सर दिसला नाही’ असं आलं तरी तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही, कारण मेलेल्या भागातून सुई गेली तर हाती काहीच येत नाही.

ज्यांच्या घरी गालाच्या कॅन्सरचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी, आणि आपल्याकडं तेच जास्त, थोडं वेगळं सांगते. ऑपरेशन झालेल्या रुग्णात सीटी काढताना आम्ही गाल फुगवायला सांगतो, फुगा फुगवताना धरतात तसा. गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटून असली तर बारीक गाठ दोघांच्या मध्ये लपते. हवा भरली की दोन्ही वेगळी होतात आणि ती उघडी पडते. तोंड उघडत नसलेल्या माणसाला हे जड जातं, तरी थोडी हवा धरली तरी फरक पडतो. दुसरं, बसवलेल्या मांसाच्या मधोमध कॅन्सर सहसा परत येत नाही, तो त्याच्या कडेला येतो. म्हणून आमची नजर त्या शिवणीवरून फिरते. आणि जबड्याचं हाड. रेडिएशन झालेलं हाड कधी कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी सडतं, दुखतं, उघडं पडतं, आणि स्कॅनमध्ये कॅन्सरसारखं दिसतं. रेडिएशननंतर दात काढायची वेळ आली तर परस्पर दवाखान्यात जाऊन काढू नका, आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. या एका चुकीनं किती जबडे गेले आहेत!

चमकणारं सगळं कॅन्सर नसतं याची अजून एक बाजू आहे, आणि परदेशात लिहिलेल्या माहितीत ती फारशी सापडत नाही. ती म्हणजे टीबी. संकेश्वरकडच्या एका रुग्णाच्या १२ आठवड्यांच्या पेटमध्ये घसा स्वच्छ, मान स्वच्छ, पण छातीत मधोमध गाठी चमकत होत्या आणि फुप्फुसाच्या वरच्या टोकाला एक डाग. घरच्यांना कुणीतरी ‘छातीत पसरलं’ असं सांगूनही टाकलं होतं. कॅन्सर जिथून निघाला ती जागा आणि मान पूर्ण विझलेली असताना थेट छातीत असं दिसणं मला पटेना. दुर्बिणीतून तुकडा घेतला, टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी माणूस बरा झाला. म्हणून लांबच्या जागी काही चमकलं तर तुकडा घेतल्याशिवाय कुणालाही ‘पसरलं’ म्हणू देऊ नका. तसंच, एका बाजूची स्वरतंतू लुळी पडली असेल तर बोलताना दुसऱ्या, चांगल्या बाजूवर सगळा भार येतो, आणि स्कॅनमध्ये ती चांगली बाजूच चमकते. आवाज बसलेला असेल तर हे वाचणाऱ्याला आधी सांगावं लागतं.

रिपोर्टमधल्या त्या शेवटच्या वाक्याबद्दलही बोलते. ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ हे वाचून घरात रडारड झाली असं तुम्ही लिहिलंय. त्या वाक्याचा अर्थ ‘कॅन्सर आहे’ असा नाही. ‘या चित्रावरून मी नाही असं छातीठोक सांगू शकत नाही’ एवढाच आहे. मला स्वतःला हे वाक्य आवडत नाही, कारण पुढं काय करायचं ते ते सांगत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं यासाठी नाय-रॅड्स नावाची पद्धत काढली आहे. तिच्यात मूळ जागेला आणि मानेला वेगवेगळा आकडा देतात. १ म्हणजे परत आल्याची खूण नाही, नेहमीची तपासणी चालू ठेवा. २ म्हणजे थोडी शंका. वरच्या त्वचेत असेल तर दुर्बिणीनं बघा, खोल असेल तर थोड्या दिवसांनी स्कॅन पुन्हा करा किंवा पेट करा. ३ म्हणजे जास्त शंका, तुकडा घ्या. ४ म्हणजे कॅन्सर परत आल्याचं आधीच ठरलेलं आहे. जूनच्या रिपोर्टच्या वेळी तुमच्या डॉक्टरांना विचारा, ‘याला नाय-रॅड्समध्ये किती देता?’ आकडा कळला की पुढचं पाऊल कळतं.

१२ आठवड्यांच्या स्कॅनमध्ये काहीच चमकत नसेल, तर ती बातमी खरंच चांगली असते. वेळेवर काढलेला स्वच्छ पेट बहुतेक वेळा खरा ठरतो. चमक दिसली तर मात्र ती तितकी खात्रीची नसते, सूज, दाताचा पू, टीबी यांतलं काहीही असू शकतं, म्हणून तिला तुकड्याचा दुजोरा लागतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण लोक नेमकं उलटं समजतात.

स्वच्छ आला तर पुढं दर तीन महिन्यांनी पेट करायची गरज नाही. रुग्णाला काही त्रास नाही, तपासणीत काही नाही, अशा वेळी पुन्हा पुन्हा स्कॅन करून आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. खर्च होतो, रेडिएशन लागतं, आणि दर वेळी कुठला तरी नवा ठिपका निघून पुन्हा झोप उडते. डॉक्टरांच्या हाताची आणि दुर्बिणीची तपासणी मात्र चुकवू नका. पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी, असा ठरलेला क्रम आहे. परत येणारा कॅन्सर बहुतेक पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून सुरुवातीला जवळजवळ. दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडचा टीएसएच हा रक्ताचा तपास करा. मानेवर रेडिएशन झालेल्या कितीतरी जणांचा थायरॉइड मंदावतो, माणूस थकतो, सुस्तावतो, आणि घरचे समजतात कॅन्सर परत आला. आणि तंबाखू. वखारीची सवय सुटणं कठीण हे मला माहीत आहे, पण तंबाखू चालू राहिली तर तोंडात, घशात, अन्ननलिकेत किंवा फुप्फुसात दुसरा नवाच कॅन्सर होण्याचा धोका राहतो, आणि तो कोणताही स्कॅन थांबवू शकत नाही.

जूनच्या स्कॅनची तयारी आता सांगते, कारण अर्धे बिघडलेले स्कॅन तयारीत बिघडतात. शक्य असेल तर एप्रिलचा स्कॅन झाला त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा, म्हणजे तुलना सरळ होते. वडिलांना नाकातून नळी आहे असं तुम्ही लिहिलंय. सहा तास पोट रिकामं हवं, आणि नळीतून दिलेलं आंबील, दूध, पेज हेही जेवणच. ‘तोंडानं काही खाल्लं नाही’ असं सांगतात आणि पहाटे नळीतून नाचणीचं आंबील गेलेलं असतं, हे मी अनेकदा पाहिलंय. साधं पाणी चालतं. रक्तातली साखर २०० च्या आत हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील तर त्या दिवशी कशा घ्यायच्या ते सेंटरला दोन दिवस आधी फोन करून विचारा. इन्सुलिन घेऊन लगेच आलं की औषध सगळं स्नायूंत जातं आणि स्कॅन वाया जातो. इंजेक्शननंतर साधारण तासभर बसवतात, त्या वेळात बोलायचं नाही, सुपारी नाही, काही चघळायचं नाही, मोबाइलवरही नाही. बोललं की जीभ आणि स्वरतंतू चमकतात, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकी तीच जागा बघायची आहे. खोली गार असते, शाल सोबत ठेवा. कुडकुडणाऱ्या माणसाच्या मानेतली एका प्रकारची चरबीही चमकते.

एफडीजी सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्राच्या मदतीनं बनतं, आणि दर ११० मिनिटांनी निम्मं होत जातं. जिथं ते बनत नाही तिथं सकाळी गाडीनं येतं. म्हणून दिलेल्या वेळेला पोचा. तुम्ही तासभर उशिरा आलात तर तुमच्यासाठी आणलेलं औषध तेवढं उरलेलं नसतं. खर्चासाठी आपल्याकडं आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकचं कार्ड असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं आधीच विचारा. उपचार योजनेत बसतो म्हणून पेटही बसेलच असं धरून चालू नका, आणि बसत असलं तरी परवानगीला दिवस लागतात. हे मे महिन्यातच सुरू करा.

तारीख ६ जून किंवा त्यानंतरच्या आठवड्यातली घ्या. दोन-चार दिवस इकडंतिकडं झाले तर बिघडत नाही, पण चार आठवडे आधी करू नका. त्या दिवशी उपचाराआधीची सीडी आणि २० एप्रिलची सीडी, दोन्ही टेबलावर ठेवा आणि ‘रिपोर्ट लिहिताना ह्या बघून लिहा’ असं तोंडानं सांगा. नळी आहे, कुठला दात दुखतोय, पूर्वी टीबी झाला होता का, हेही फॉर्मवर लिहा. मधल्या काळात रविवारी सकाळी एकदा वडिलांची मान तुम्ही स्वतः तीन बोटांनी चाचपत जा आणि गाठ कशी लागते ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. ती वही डॉक्टरांकडं घेऊन जा.